पालम आलं की उठवा

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या थोडं आधी, एका सोमवारी दुपारी गंगाखेडहून पालमला निघालेली एसटी बस मोकळ्या रस्त्यात थांबली. पुढे जनावर नव्हतं. टायर पंक्चर नव्हतं. ड्रायव्हर स्वतःच्या दारातून खाली उतरला, वळसा घालून प्रवाशांच्या दारातून आत आला आणि खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या एका बाईचा खांदा त्याने हलवला.

बाई दचकून जागी झाली. "काय ओ, काय झालं?"

"काही न्हाई. झोपा तुमी," तो म्हणाला. मग परत जाऊन स्टिअरिंगवर बसला.

असं पहिल्यांदाच घडलं नव्हतं. प्रवाशांनी तक्रार केली. डेपो मॅनेजरांनी त्याला स्टिअरिंगवरून उतरवलं, डेपोत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि माझ्याकडे पाठवलं. मी समुपदेशक आहे. आठवड्यातून एक दिवस गंगाखेडला बसते. माणसाचं ऐकणं आणि त्याच्याबरोबर मार्ग शोधणं, एवढंच माझं काम. औषध डॉक्टर देतात.

ड्रायव्हरचं नाव माधव म्हणू. खरं नाव वेगळं आहे. हे लिहायची परवानगी त्याने दिली आहे.

माधव चाळिशीचा. खुर्चीत नीट बसला, पण नजर खोलीच्या दाराकडे.

"डेपोत मला कोंबडा मनतेत, मॅडम," तो म्हणाला. "मी गेलो की एकजण आरवतोच."

"तुम्हाला काय वाटतं?"

"बरोबरच हाय की. लोकाला उठवायलोय."

"का उठवता?"

"ते जिते हायत का न्हाई, बघाया."

त्यानंतर त्याने कारण सांगितलं. उन्हाळ्यात एक म्हातारा गंगाखेडला गाडीत चढला. ड्रायव्हरच्या मागच्या जाळीलगतच्या सीटवर बसला. जाळीतून म्हणाला, "पालम आलं की उठवा बरं का." माधवने मान हलवली. ही आपल्याकडे रोजची गोष्ट. प्रवासी निश्चिंत झोपतो, उठवायचं काम गाडीचं. पालम आलं. माधवने हाक मारली. म्हातारा उठला नाही. अंगाला हात लावला तर ते गार होतं.

"सगळ्या रस्त्याला आरशात दिसत होता," माधव म्हणाला. "मला वाटलं, काय गाढ झोप हाय."

तेव्हापासून आरशात कुणी मान टाकलेला दिसला की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, हाताला घाम सुटायचा. उठवून खात्री केली की शांत वाटायचं. पुढच्या थांब्यापर्यंत.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "दवाखान्यात इचारा की. म्हातारा कधी गेला? गाडी सुटल्या सुटल्या, का पालमच्या जवळ आल्यावर?"

मी म्हाताऱ्याला तपासलेल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. पुढच्या भेटीत मी माधवला तेच सांगितलं.

"मंजे मी मधी गाडी थांबवली असती तर वाचला असता का न्हाई, हे कदीच कळायचं न्हाई?"

"नाही कळणार."

अशा वेळी काहीतरी बरं वाटणारं बोलायचा मोह होतो. मी बोलले नाही.

"खरं ते सांगितलंत, बरं केलंत," तो म्हणाला. "घरचे सगळे मनतेत, त्याचं भरलंच होतं. त्यांना काय म्हाईत?" मग रुमाल काढला. म्हाताऱ्यासाठी तो रडला ते त्या दिवशी पहिल्यांदा, असं त्याने नंतर सांगितलं.

पुढच्या भेटींत आम्ही श्वासावर काम केलं, म्हाताऱ्याबद्दल बोललो. झोप सुधारली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं कळवलं. मॅनेजरांनी फोनवर मला अट सांगितली. "मॅडम, रस्त्यात विनाकारण गाडी पुन्हा एकदा थांबली, तर स्टिअरिंग कायमचं काढून घेईन. मला आतल्या सगळ्या माणसांचा विचार करावा लागतो."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. माधवने ते ऐकलं आणि म्हणाला, "मला दुसरं काही येत न्हाई, मॅडम. येतं, पण करावं वाटत न्हाई."

त्याला जुनाच रूट मिळाला, नेहमीची कंडक्टर सविता बरोबर. गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही. मला वाटलं, काम झालं.

ते झालं नव्हतं. एके दिवशी सविता रजेवर गेली आणि दुसरा कंडक्टर आला. मधल्या एका फाट्यावर प्रवासी उतरले, कंडक्टरने दोन घंट्या दिल्या. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडी हलली नाही. पुन्हा दोन घंट्या झाल्या. माधव उतरून आत आला आणि मागच्या सीटवर झोपलेल्या एका शेतकऱ्याला त्याने उठवलं.

मॅनेजर फोनवर म्हणाले, "थांब्यावरच थांबली होती, म्हणून सोडतो. पुढच्या वेळी सोडणार नाही."

माधवला विचारून मी सविताला बोलावलं. ती तिशीची, चटपटीत.

"तुम्ही असताना गाडी थांबत नाही. तुम्ही काय वेगळं करता?"

"काही न्हाई," ती म्हणाली. मग माधवकडे बघितलं. "सांगू का, भाऊ?"

"सांग की. आता काय राहिलंय."

"भाऊ परत स्टिअरिंगवर आल्यापासून प्रत्येक थांब्यानंतर मी मागपर्यंत जाते. झोपलेल्यांची छाती हालायलीय का बघते. मग नाण्याने दांडीवर टकटक करते. मंजे सगळं बरं हाय. भाऊंना मागं बघायची गरज पडत न्हाई."

"आधी थांब्याथांब्याला होतं," माधव म्हणाला. "आता मधी पण लागायलंय."

"परवा तर एका बाबानं इचारलं, कंडक्टरबाई, गाडीचा कोन्ता पार्ट वाजायलाय?" सविता हसली. माझ्याकडे पाहून थांबली. "माझं चुकलं का?"

चुकलं असं म्हणवत नव्हतं. तिने रोज गाडीभर चालून एका माणसाची नोकरी सांभाळली होती. पण उठवण्याचं काम माधवच्या हातून तिच्या हातात गेलं होतं, इतकंच. भीती होती तिथेच होती. भीती चढते आणि काही केलं नाही तरी थोड्या वेळाने आपोआप उतरते. मध्येच खात्री करून घेतली की ती उतरताना माणसाला कधी दिसतच नाही. मग दर वेळी खात्री लागते, आणि दर वेळी जास्त लागते.

मी दोघांना हे सांगितलं. "टकटक बंद करावी लागेल. पण एकदम नाही, आणि सुरुवात स्टिअरिंगवर नाही."

"मग कुठं?" माधवने विचारलं.

"प्रवाशांत."

मॅनेजरांनी थोड्या दिवसांची रजा मंजूर केली. माधव आणि मी त्याच रूटच्या गाडीत प्रवासी म्हणून बसलो. झोपलेल्या कुणालाही न उठवता फक्त बघत बसायचं, असं ठरलं होतं. पुढच्या सीटवर एक जण घोरत होता.

"ह्यो चालत न्हाई," माधव कुजबुजला. "घोरणारा जिता असतो."

उतरून आम्ही दुसरी गाडी घेतली. तिच्यात पुढे एक आजोबा मान छातीवर टाकून झोपले होते, आवाज न करता. माधवच्या कपाळावर घाम आला. हात दोनदा पुढे गेला, दोनदा त्याने मागे घेतला. मी फक्त विचारत होते, भीती आता किती आहे? वाढलंय? तेवढंच आहे? पालमच्या अलीकडे तो म्हणाला, "कमी व्हायलंय." मग जरा वेळाने, "मी काहीच केलं न्हाई, तरी कमी झालं." आजोबा पालमला उतरून चहाच्या टपरीकडे गेले. माधव ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला.

असे प्रवास आम्ही पुन्हा केले. नंतर तो एकटा जायला लागला. रजा संपल्यावर तो स्टिअरिंगवर बसला तेव्हा सविताने टकटक आधी मधली बंद केली, मग काही थांब्यांवरची. अवघड तिलाही गेलं. "हात आपोआप दांडीकडं जातोय, मॅडम," ती म्हणाली. "मी नाणंच पर्समधी टाकलं." शेवटी एका दिवशी पूर्ण फेरी टकटकीशिवाय करायची ठरली. मी मागच्या सीटवर बसले होते.

गाडी सुटायच्या आधी एक म्हातारी चढली. हातात पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या. जाळीलगतच्या सीटवर बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि जाळीतून म्हणाली, "लेकरा, पालम आलं की उठव मला."

सविताने वळून माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही.

माधवची पाठ मला दिसत होती. त्याने मान वर करून आरशात बघितलं. मग म्हणाला, "उठवतो, आजी. झोपा."

दोन घंट्या झाल्या. म्हातारी पहिल्याच वळणाला झोपली. तिची मान आधी खिडकीला, मग एका खांद्यावर गेली. प्रत्येक थांब्यावर सविताने तिकिटं दिली, दोन घंट्या दिल्या आणि पुढेच उभी राहिली. एका फाट्यावर घंट्यांनंतरही गाडी क्षणभर थांबून राहिली. एक प्रवासी म्हणाला, "चला की ओ मामा." गिअर पडला. गाडी निघाली.

पालमला सगळे उतरले. म्हातारी उतरली नाही. माधवने इंजिन बंद केलं, स्वतःच्या दारातून उतरला, वळसा घालून आत आला. सविता बाजूला सरकली. त्याने वाकून म्हातारीच्या खांद्याला हात लावला.

"आजी, पालम आलं."

म्हातारीने डोळे उघडले. "कितीदा हाका मारायलास रे?"

"एकदाच मारली."

"बरं." तिने पदर सारखा केला, पिशवीतल्या मेथीच्या जुड्या मोजल्यासारख्या चाचपल्या आणि दांडीला धरून एकेक पायरी उतरली.

परतीची फेरी वेळेवर सुटली. सविताने दोन घंट्या दिल्या. माधवने गाडी स्टँडच्या बाहेर काढली आणि गंगाखेडच्या रस्त्याला लावली.