दहापैकी दोन

आमच्या किनाऱ्यावर माणसांना दुखणं सांगायची लाज वाटते. जन्मभर समुद्रात शेवंडं पकडलेला माणूस मोडलेलं बोट पुढे करून "जरा लागलंय" म्हणतो. इस्पितळाच्या दाराशी बसून, कुणाला आधी आत सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे मी एकवीस वर्षं ठरवतेय. दहापैकी किती दुखतंय, असं विचारायचं. समोरचा 'दोन' म्हणाला की मी मनात सात धरते.

म्हातारे कोळी आल्फे द्वारों तर त्यातले अर्क. एकदा गळ तळहातातून आरपार गेला होता, तरी 'दोन'च.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते आले. बायको ऑक्टोबरात गेलेली. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, सात तासांची रांग.

"छातीत जरा जड वाटतंय, पोरी. दोन."

कागद पाहिले तर मागचे दोन्ही मंगळवार हेच! मी रजेवर होते, आणि माझ्या जागी बसलेल्या बयेनं दोनाला दोनच धरून त्यांना सात-सात तास बसवून ठेवलं होतं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना डावलून मी त्यांना आत नेलं.

"आम्ही काय इथं माशा मारायला आलोय?" कुणीतरी ओरडलं.

"तुमची छाती दुखायला लागली की सांगा," मी म्हटलं.

कार्डिओग्राम झाला, रक्त झालं, डॉक्टरांनी तपासलं. काही म्हणजे काही निघालं नाही. दोन तासांत आल्फे कोट हातात घेऊन माझ्या खिडकीशी उभे. वाटलं, आभार मानतील.

"झालं पण?"

"झालं. हृदय घोड्यासारखं आहे तुमचं. जा आता घरी."

ते हलेनात. खुर्च्यांकडे बघत राहिले. तिथं एका म्हातारीनं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली होती.

"ती लेओनी. गुडघेवाली. मागच्या खेपेला आमचा पत्त्यांचा डाव अर्धाच राहिला." मग खाली बघून म्हणाले, "घरी दिवसभर कुणी बोलायला नाही गं. इथं निदान विचारतात, तुमचं काय म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्च्या फक्त पेशंटसाठी, असा नियम आहे. तो सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते खिडकीत वाकले.

"परत नाव लिही ना माझं," ते हळूच म्हणाले. "आणि या खेपेला घाई करू नकोस."