पंपाचं टरबूज

हातपंपाच्या ओट्याभोवती कितीही साफ करा, चिखल साचतोच. किश्श्यांचंही तसंच! आम्ही जालना जिल्ह्यातले दोन हातपंप मिस्त्री, मी बदनापूरचा आणि उत्तमराव वडीगोद्रीचा. नव्वदच्या दशकात आम्ही सहा महिने केनियात, सोमाली निर्वासितांच्या छावणीत पंप दुरुस्तीला गेलो होतो. आता स्टेशनसमोर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मिस्त्री, आफ्रिकेचं काढा!" आणि मला काय, निमित्तच हवं असतं!

*

आमचा दुभाष्या अब्दी. सोमालियातल्या लढाईच्या आधी राजधानी मोगादिशूत त्यानं थेटरात बसून ढीगभर हिंदी सिनेमे पाहिले होते. त्याचं सगळं हिंदी तिथलंच! पंप खोलायला घेतला की म्हणायचा, "अब तेरा खेल खतम!"

एकदा पाण्याच्या रांगेत ढकलाढकली सुरू झाली. अब्दी ओट्यावर चढला आणि हात पसरून गरजला, "खबरदार! कोई अपनी जगह से हिलेगा नहीं!"

बायकांना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं, पण सगळ्या जागच्या जागी गप! उत्तमरावाच्या हातातला पाना मात्र खाली पडला.

*

काटक्या वाकवून त्यावर प्लास्टिक टाकलेल्या झोपड्या, नजर पोचेल तिथपर्यंत. पहिल्या आठवड्यात आम्ही सकाळी पंपावर गेलो, तर भोवती पिवळे प्लास्टिकचे कॅन पसरलेले. माणूस एक नाही. उत्तमराव वैतागला. "किती हा कचरा!" आणि भल्या माणसानं सगळे कॅन उचलून बाजूला नीट रचून ठेवले!

ती पाण्याची रांग होती! बायकांनी पहाटेच कॅन नंबराला लावले होते. ज्याच्या वडीगोद्रीत उन्हाळाभर घागरींचा नंबर लागतो, त्या माणसानं हे करावं! असा गलका उठला की उत्तमराव पाइपांच्या गाडीमागं जाऊन बसला.

मग अब्दीची मोठी बहीण हलिमा आली. त्या ब्लॉकच्या पाणी कमिटीची प्रमुख तीच. एकेक कॅन उचलून, तो जिचा त्या बाईकडे बोट दाखवत, तिनं अख्खी रांग पुन्हा लावली. एकीनंही तक्रार केली नाही. शेवटी ती उत्तमरावाला काहीतरी म्हणाली. अब्दीनं सांगितलं, "दीदी बोलती है, पंप को हाथ लगाओ, कॅन को नहीं!"

*

तिकडं माणसाला त्याच्या व्यंगावरून नाव पाडतात आणि तोंडावर हाक मारतात. हलिमा जरा लंगडत चालायची, तिला सगळे लंगडीच म्हणत, आणि ती हसत ओ द्यायची. माझं नाव पडलं टकल्या. उत्तमराव झाला ढेरपोट्या.

तो भडकला. अब्दीनं समजावलं की ही आपुलकी आहे, परक्याला कोण नाव ठेवतो?

उत्तमराव म्हणाला, "आमच्या वडीगोद्रीत बी असंच अस्तंय. पर आमी पाठीमागं म्हंतो!"

*

हलिमाच्या ब्लॉकचा पंप आम्ही नवा बसवला. आता नारळ नको का फोडायला? तिथं नारळ कुठला! उत्तमरावानं बाजारातून टरबूज आणलं आणि ओट्यावर फोडलं. रेशनवर जगणारी माणसं, ती बघतच राहिली. हलिमानं विचारलं, हे कशाला?

पूजाबिजा सांगायची कशी, परक्यांचा धर्म, उगाच काही व्हायचं. उत्तमराव घाबरून म्हणाला, "सांग तिला, कामाचा शेवटचा भाग हाय. ह्याच्याबिगर काम पुरं होत न्हाई." मग फोडी करून पोरांना वाटल्या.

हलिमानं मान डोलावली. ते तिनं पक्कं लक्षात ठेवलं!

*

आमचे दिवस भरत आले तेव्हा छावणीच्या ऑफिसनं ठरवलं की मिस्त्री गेल्यावर पंप सांभाळणार कोण, त्यापेक्षा पंप काढा आणि टँकर सुरू करा. हलिमाचा चेहरा उतरला. मागच्या पावसात टँकर चिखलात अडकला होता आणि डबक्याचं पाणी पिऊन तिची धाकटी मुलगी दवाखान्याच्या तंबूत मरता मरता वाचली होती. ती ऑफिसात जाऊन बसली आणि म्हणाली, पंप आम्ही बायका दुरुस्त करून दाखवतो, मग ठरवा!

परीक्षेच्या दिवशी ऑफिसातून मॅडम आल्या. बायकांना शिकवलं आम्हीच होतं, पण आज आम्हाला हात लावायला बंदी. बायकांनी पाइप वर ओढले, सिलिंडर खोललं, वायसर बदललं, सगळं पुन्हा जोडलं. उत्तमरावाला माझ्यापेक्षा जास्त घाम! हलिमानं दांडा मारला. पाणी येईना. परत मारला. आलं! धो धो आलं! मी ओरडलोच.

मॅडम हात मिळवायला पुढं झाल्या, तर हलिमानं त्यांना थांबवलं. काम अजून झालेलं नाही! झोपडीतून टरबूज आणलं आणि ओट्यावर फाडकन फोडलं.

मॅडमनी आमच्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, हे काय? उत्तमराव ताठ उभा राहून म्हणाला, "फायनल टेस्टिंग!"

पंप राहिला.

*

पुढं काही वर्षांनी अब्दी औरंगाबादला कॉलेजात शिकायला आला. एका उन्हाळ्यात रेल्वेनं आम्हाला भेटायला बदनापूरला आला, तेव्हा उत्तमराव आणि मी माझ्याच गल्लीतला पंप दुरुस्त करून राह्यलो होतो. बायका हंडे घेऊन ताटकळलेल्या. पाणी आलं, उत्तमरावानं रीतीप्रमाणं नारळ फोडला.

अब्दी चक्रावून नारळाकडं बघत राहिला. "ये क्या है? टरबूज कहां है?"

उत्तमरावानं खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

"दीदी का पंप आज भी चालू है," तो म्हणाला. "हर बार टरबूज फोडती है. रुको!"

आणि तो बाजाराकडं पळाला. आला तो भलंमोठं टरबूज खांद्यावर घेऊन. आमच्या ओट्यावर त्यानं ते दणकन फोडलं आणि रांगेतल्या बायकांच्या हातात फोडी द्यायला लागला.

शेजारची म्हातारी मावशी म्हणाली, "आगं बया! उत्तमराव, हे काय नवीन?"

उत्तमरावानं उपरण्यानं डोळे पुसले.

"नवीन न्हाई मावशे, आपलंच हाय. लांबून फिरून आलंय. खा!"