सशापुढे नुसतं गवत

आमच्या घरात पोटभर जेवण हीच चैन होती. आई गवताचे भारे डोक्यावरून बाजारात विकायला न्यायची आणि आम्हाला वाढताना स्वतःची भाकरी अर्धी करायची. म्हणून आता माझ्या सशापुढे सुकं गवत बघितलं की तिचा जीव तुटतो.

"अगं, शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि मुक्या जिवाला गवतावर ठेवतेस? गूळ-पोळीचा एक तुकडा दे की!"

"नाही द्यायचा. मागच्या खेपेला तू चोरून दिलास, तेव्हा पोट फुगून मरता मरता वाचलाय तो."

"मोठी आली डॉक्टरीण!"

शेजारच्या काकू टोपलीभर गाजरं घेऊन येतात. गाजराचा गोडवाही त्याच्या पोटाला सोसत नाही, म्हणून त्यांनाही मी दारातूनच परत पाठवते. कंजूष म्हणतात मला. म्हणू देत.

ससा आपला गवताची काडी आत ओढत असतो, जबडा आडवा फिरत असतो, आणि मी बघत बसते. भरवणं म्हणजेच माया, असं आपण धरून चाललोय. उपाशी राहिलेल्या माणसांचं त्यात काही चुकतही नाही. पण आपली राहून गेलेली भूक दुसऱ्याच्या पोटात का भरायची? मायेनं दिलेला घास नाकारायलाही माया लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे. गवताची मला लाज नाही. त्याच्यावरच मी पदवीपर्यंत पोचले.

आई अजून धुसफुसते, पण पोळीचा डबा आता स्वतःच वरच्या फळीवर ठेवते. यंदा सशाचं पोट एकदाही फुगलेलं नाही.