बिनदोऱ्याचं मशीन

गल्लीतल्या निम्म्या माणसांची मापं टेलरबाईंना तोंडपाठ होती. कोण कंबरेत सुटलंय, कोण खांद्यात वाकलंय, हे माणूस दारात उभं राहताच त्या सांगत. पोटच्या पोरीला काय होतंय, तेवढं मात्र त्यांना काही केल्या कळेना.

महामारी आली, विद्यापीठ बंद पडलं, वसतिगृह रिकामं झालं आणि लेक बॅग घेऊन घरी आली. परीक्षा आज होणार, उद्या होणार म्हणत पुढेच सरकत होती. सुरुवातीला पोरगी पुष्कळ बडबडली. मग आतल्या खोलीत जी जाऊन पडली, ती पडलीच. केसांचा गुंता, ताटात दोन घास, आणि काहीही विचारा, उत्तर एकच: "काही नाही गं."

आणि हीच मुलगी दर गुरुवारी दुपारी दार लावून विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंशी फोनवर तासभर बोलायची! कधी तर चक्क हसायची. ते हसू बाहेर आलं की टेलरबाईंच्या काळजात सुई मोडायची.

"कोण कुठली बाई! कधी हिचं नाक पुसलं नाही, कधी हिच्या तापात जागली नाही. आणि आता गोड गोड बोलतेय."

"अगं, किती जळशील? सवत आहे का ती तुझी?" नवरा म्हणाला. दुकान बंद असल्यामुळे त्याला टोमण्यांशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

"सवत परवडली. तिनं तुम्हाला नेलं असतं. माझं काय गेलं असतं?"

मास्क शिवायचं काम हाती होतंच. गुरुवारी फोन लागला की त्या पायाचं मशीन मुद्दाम दाराजवळ ओढत आणि असं दामटत की भिंतीवर टांगलेली कात्री थरथरावी. बोला म्हणावं आता!

पण एका गुरुवारी राहवेना. एवढं सांगते तरी काय तिला? टीप अर्ध्यावर टाकून त्यांनी पाय उचलला, श्वास रोखला आणि कान दाराला लावला.

"सकाळी उठावंसंच..." आत लेक म्हणत होती, आणि तिथंच थांबली. मग हळूच, "नंतर बोलते मी."

पुढच्या गुरुवारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"आज बाईंचा फोन नाही?"

"मी नाही बोलणार आता."

टेलरबाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. पण तो पळभरच टिकला, कारण उशाशी ताट होतं आणि आज त्यातले ते दोन घासही तसेच होते.

"का गं?"

"तू ऐकतेस."

"मी? मी तर मशीनवर असते!"

"म्हणून तर बोलत होते. मशीन चालू असलं की आवाज बाहेर जात नाही. तू थांबवलंस."

"मग माझ्याशी बोल ना! मी काय मेले?"

लेकीनं कूस बदलली. "तुझ्याशी बोललं की तू रडतेस, आई. मग मलाच तुझे डोळे पुसावे लागतात."

त्या दिवशी टेलरबाई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळत राहिल्या. डोळे त्यांनी स्वतःच पुसले.

पुन्हा गुरुवार आला. मास्क तर सगळे देऊन झाले होते, घरात शिवायला चिंधी नव्हती. टेलरबाईंनी मशीन दाराजवळून ओढून पार खिडकीपाशी नेलं. सुईतला दोरा काढला, बॉबिन काढून ठेवली आणि रिकाम्या मशीनवर पाय मारायला सुरुवात केली. खडखड, खडखड.

"अगं, शिवतेस काय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमचं तोंड. तिला सांगा, मी आज तासभर उठणार नाही. लाव म्हणावं फोन त्या गोड बाईंना."

दार लागलं. मग त्या खडखडाटावरूनही लेकीचं हसू ऐकू आलं.

टेलरबाईंच्या काळजात पुन्हा सुई मोडलीच. त्यांनी पाय आणखी जोरात मारला.