सेरेआनाचा होकार

सेरेआना बँकेत हुशार म्हणून नावाजलेली, पण परकीय चलनाच्या सौद्यांच्या परीक्षेत पहिल्या खेपेला आपटली ती एका होकारापायी. तोंडी भागात परीक्षकाने फोनवर भाव ठरवून विचारलं, "सौदा पक्का?" तिने भुवया उंचावल्या. हो म्हणायचं तर तिच्या सुवा शहरातलं कुठलंही माणूस तेच करतं. फोनला त्या कशा दिसणार? परीक्षकाने जरा वाट पाहिली आणि सौदा मोडला. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली की सौद्यांची खुर्ची विसरायची आणि जन्मभर कॅश काउंटर सांभाळायचा.

सरावाला तिने वडिलांनाच, म्हणजे आपिसाईंनाच धरलं; ती त्यांना 'ता' म्हणायची. त्यांचं आयुष्य बाजारात दलोचे, म्हणजे अळूचे कंद विकण्यात गेलं होतं. वर्षापूर्वी मधुमेहाने त्यांची दृष्टी नेली.

"ता, भाव विचारा."

"दलोच्या ढिगाचा काय भाव?"

"घेईन अठराला, देईन वीसला."

"एका दमात दोन्ही? बाजारातल्या बायकांनी तुला हाकलून दिलं असतं, पोरी."

"आमच्यात असंच सांगतात. खेळ बिघडवू नका."

"बरं, वीसला घेतला. पक्का?"

कप चाचपडत त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्का ना?" मग स्वतःच हसले. "भुवया उडवतेयस, होय ना? अगं, मी आंधळा, तुझा फोनही आंधळा. आमच्याशी तोंडानेच बोलावं लागतं."

सेरेआनाला हसू आलं नाही. "कसावा वाढू का?" असं ते रोज विचारायचे, दमलेली ती नुसत्या भुवया उंचावायची, आणि ते हातात वाढायचा डाव धरून तसेच बसून राहायचे. म्हातारा हट्टी झालाय, असं ती वर्षभर समजत आली होती. तिला फार वाईट वाटलं.

"पक्का, ता," ती म्हणाली. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक होकार ती तोंडाने देऊ लागली, चहाचा असो की चर्चला जाण्याचा.

परीक्षेत "सौदा पक्का?" ऐकताच भुवया सवयीने वर गेल्याच, पण त्यांच्याबरोबर शब्दही आला.

निकालाच्या संध्याकाळी आपिसाई ओट्यावर चटईवर बसले होते. पावलं ओळखून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"पास झाले, ता. खुर्ची मिळाली. खूश ना?"

त्यांच्या दोन्ही भुवया जाता येईल तितक्या वर गेल्या, आणि ती त्यांना टेकून चटईवर बसली.