मारून रायला

माह्या बापाले कोनीतरी सांगतलं का पोरगं होस्टेलात टाकलं का साहेब होते. बापानं मले टाकलं. साहेब तर मी झालो नाई. आज अकोल्यात जठारपेठेत भाजी विकून रायलो, अन पाटीवर 'मेथी' लिवाची असली तर गिऱ्हाइकालेच खडू देतो. पन दोन वर्स मी अमरावतीजवळ, वलगावच्या पुढं, पोट्ट्यायच्या होस्टेलात काढली. तिथं एकच इद्या शिकलो, लोकाले हासवाची. शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

आठवीत टाकलं तवा मले धड वाचता येत नव्हतं. सातवीपर्यंत कसा पोचलो काय मालूम, मास्तर लोकाले माहा कंटाळा येत गेला असन अन ते मले पुढं ढकलत गेले असतीन. पयल्याच आठवड्यात मराठीच्या सरनं मले धडा वाचाले उभं केलं. पुस्तकातले अक्षरं माह्याकडं पाहून रायले, मी त्यायच्याकडं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोनी हळूच एकेक वाक्य सोडून रायलं. मी पोपटावानी म्हनत गेलो. सर म्हनाले, "छान, बस." मागं पायलं तर वर्गातला सगळ्यात आडदांड पोट्टा. आठवीत त्याचं दुसरं वर्स होतं, म्हनून पुस्तक तोंडपाठ.

तो म्हने, "आता तू माहा मानूस."

झालो त्याचा मानूस. अन मले ते आवडलं, खोटं कायले सांगू? मले भाजीवाल्याचा म्हनून चिडवनारे पोट्टे एका दिवसात चूप झाले. त्याच्या घरून चिवडा आला का अर्धा माहा. मले ताप आला तवा हाच माह्या उशाशी बसला, कपाळावर ओला रुमाल ठेवून. असा होता तो. दुसऱ्यासाठी मातर निराळा होता.

दिवाळीनंतर एक नवा पोट्टा आला. बारीक, अकोल्याकडच्या खेड्यातला, बनियनची बी घडी करनारा. सकाळी पान्याच्या टाक्यावर आंघोळीले गेला तर माह्या दोस्तानं आपला मळका शर्ट त्याच्या बादलीत फेकला. नव्यानं तो काढला, पिळला, भिंतीवर ठेवला अन म्हने, "ज्याचा त्यानं धुवावा."

बस, तितकंच बोलला. पन टाक्यावर पंधरा-वीस पोट्टे होते, सगळ्यायनं आयकलं.

तवापासून रोज सकाळी टाक्यावर मार. ओल्या टॉवेलाचे फटके, मानेवर टपल्या. मी हात नाई लावला कधी. मी कॉमेंट्री करत होतो. पान्याचा मग्गा तोंडापुढं धरून, "अन हा फटका सीमापार! फलंदाजाची मान खाली, प्रेक्षक खूश!" पोट्टे पोट धरधरू हासत. लांबून कोनी पायलं तर वाटे, खेळ चालू हाय. माहा दोस्त म्हने, "तू असला का मजा येते बे." माही छाती फुगे. असा फुगा मी.

आमचे वार्डन सर पुण्याकडचे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यायले ओळीत बसवून ते रोज विचारत, "कोणाची काही तक्रार?" कोनाची कधीच नसे. एक दिवस नवा पोट्टा उभा रायला. माह्या दोस्ताकडं बोट करून म्हने, "सर, हा मले रोज मारून रायला."

सरनं चष्मा वर केला. "मारून राहिला? मारून झाल्यावर कुठे राहिला?"

पोट्ट्याले समजलंच नाई सर काय म्हनून रायले. आमच्याकडं 'मारून रायला' म्हंजे मारतो हाय, आजबी, उद्याबी. हे ओळीतल्या सगळ्या पोट्ट्यायले मालूम. मले तर मालूमच. माह्या दोस्ताचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं माह्याकडं पायलं.

मी बसल्या जाग्यावरून म्हनलं, "सर, माह्या बाजूच्या खाटेवर रायला. भाडंबी देत नाई!"

सारी ओळ हासली. सरबी हासले. मंग डोळे पुसत म्हनाले, "आधी वाक्य नीट कर बाळ. शुद्ध बोल."

पोट्टा वाक्य नीट करू लागला. "हा मला... मारून... हा मला मारला..." पुन्हा हासू. मी सगळ्यात जोरात. तो थांबला. म्हने, "काई नाई सर." बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या दोस्तानं टॉवेल घेतलाच नाई. उघड्या हातानं कानाखाली एकच ठेवली. "बोल शुद्ध!" पोट्टा टाक्याच्या काठावर बसला, कानावर हात धरून. हाताखालून पातळसं रगत आलं. मग्गा माह्या हातात होता, पन तोंडातून कॉमेंट्री निघाली नाई. निघाली नाई म्हंजे मी काई चांगला मानूस होतो असं नाई. घाबरलो होतो, बस.

रविवारी त्याचा बाप आला. वांगेवाला मानूस, माह्या बापाच्या भाजीच्या दुकानावर माल टाके. पोराच्या कानातला कापूस पाहून घाबरला. पोरगं काई बोलेना. मंग मले बाजूले घेतलं. "तू तं आपला पोट्टा हायेस बाप्पा. खरं सांग, याले कोनी मारून रायलं का? असं असन तं आत्ताच घरी घेऊन जातो. खड्ड्यात गेली शाळा."

पोट्टा आमच्याकडंच पाहून रायला होता. माहा दोस्त वरच्या खिडकीत.

मी म्हनलं, "काका, टाक्यावर घसरला तो. तुमच्याकडं आंघोळीची सवय नाई का त्याले?"

काकाले हासू आलं. जीव भांड्यात पडला त्यायचा. माह्या पाठीवर हात ठेवून म्हने, "ध्यान ठेवजो त्याच्यावर." अन गेले वलगावच्या फाट्याकडं, पोराले तिथंच ठेवून.

खिडकीतला खाली आला, माह्या गळ्यात हात टाकून म्हने, "शाबास." त्या शाबासकीनं मले जे बरं वाटलं, तसं नंतर कशानंच वाटलं नाई. लाज आली, पन लय उशिरा.

पोट्ट्यानं ते वर्स काढलं, पुढचंबी काढलं. मार हळूहळू कमी झाला, माह्या दोस्तालेच कंटाळा आला. मी नववीत नापास होऊन घरी आलो. तो पोट्टा शिकला, बडनेऱ्याले रेल्वेत लागला. त्या कानानं त्याले आयकू येत नाई. माह्या दुकानावरून गेला तर मान वळवत नाई.

काका मातर अजून वांगे घेऊन येतेत. बाप गेला तवापासून माल माह्याकडंच टाकतेत. वांग्यायचा कट्टा खांद्यावरून उतरवला का गिऱ्हाइकाले सांगतेत, "ह्यानं सांभाळलं माह्या पोराले होस्टेलात. हा होता म्हनून टिकला तो." परवाबी म्हनले. मी मनात म्हनलं, आज सांगतो. तोंड उघडलं.

अन वांग्यावरून काईतरी बोललो. काका लय हासले.