उघाडीच्या फळ्यांचा दिवाण

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी लाजून सांगत नाही. बी.कॉम. झालो तेव्हा बाबांनी माझा काळ्या डगल्यातला फोटो मोठा करून मोरव्याच्या जुन्या घरात दाराच्या समोरच लावला होता, म्हणजे आत येणाऱ्याची सुटका नाही. स्वतः चौथीतून सुटलेले. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो, तर म्हणाले, "आता मला घरात पाव्हना केलास."

असं बोलायचे ते. टोमणा मारल्याशिवाय त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नसे. आणि त्याच माणसाची वाचा गेली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून आम्ही त्यांना भाईंदर पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, कारण इथे लिफ्ट आहे आणि मोरव्याच्या घराचा उंबरा त्यांना ओलांडता आला नसता. पाय हळूहळू हलायला लागला. हातही थोडा. बोलणं मात्र नाही. आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या, जिभेचे आणि ओठांचे व्यायाम करून घ्यायच्या. जाताना मला दाराबाहेर बोलावून म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत काही आलं तर आलं, नंतर अवघड होतं. दोन महिने झाले होते. आई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून "चहा म्हना, चहा" म्हणायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

खड्डा पडलेल्या गादीवर झोपून त्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. त्यांना ठेंगणा, सपाट, घट्ट फळ्यांचा दिवाण हवा होता. दुकानात विचारलं, वखारीत विचारलं. औषधं आणि व्यायाम यांतून उरलेल्या पैशात सागवान सोडाच, चांगलं प्लायवूडही बसत नव्हतं. मग मी ठरवलं, आपणच करू. दिवाण म्हणजे काय, चार पाय, चौकट, वर फळ्या. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, कागदावर मापं घालून आकृती काढली. एक रंधा, एक करवत, दोन पटाशा, काटकोन बघायला गुण्या, एवढी हत्यारं घेतली. बायको म्हणाली, "आधी एक पाट करून बघ." मी ऐकलं नाही. शिकलेल्या माणसाला आकृती काढली की वस्तू झाल्यासारखीच वाटते.

राहिलं लाकूड. तर ते मला आठवलं.

मोरव्याच्या पलीकडे, तिवरांच्या मागे, आमच्या वाट्याचं मिठागर होतं. बंद पडून वर्षं झाली. बांध मात्र अजून आहे, आणि बांधात उघाडी आहे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार: दोन्ही बाजूंना खाचा असलेले खांब आणि त्या खाचांतून एकावर एक सोडलेल्या जाड फळ्या. भरतीला फळ्या उचलायच्या, पाणी आत घ्यायचं, पुन्हा फळ्या सोडायच्या. बाबांनी तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. शेवटच्या हंगामानंतर त्यांनी सोडलेल्या फळ्या तशाच होत्या. ऐनाचं लाकूड, चार बोटं जाड, खाऱ्या पाण्यात राहून काळं आणि दगडासारखं झालेलं. फुकट.

एका रविवारी सकाळी भाड्याच्या टेम्पोत पहार आणि दोर टाकून मी एकटाच गेलो. बाबांना सांगितलं नाही. सांगून काय, ते उत्तर देणार नव्हते. फळ्या हलेनात. वरचीला दोर बांधून, पहारीने उचकटत, गुडघाभर चिखलात उभं राहून मी तासाभरात पाच काढल्या. शेवटची निघाली तेव्हा भरती लागली होती. पाणी आत यायला लागलं. घाईने नाही. पाहुण्याने दारात थांबून आत डोकवावं, तसं आधी थांबलं, मग सावकाश आत शिरलं. मला उगाच वाटलं की आपण कुणाला तरी आत घेतलंय. मी फळ्या टेम्पोत टाकल्या आणि मागे न बघता निघालो.

वखारीतल्या मशीनवर फळ्या कापून घ्यायला नेल्या तर तिथल्या माणसाने नखाने लाकूड खरवडून जिभेला लावलं. म्हणाला, "ये तो पूरा नमक पी के बैठा है, भाईसाब. घर में मत डालो, पसीना छोड़ेगा." मी म्हटलं, वाळवून घेईन. महिनाभर इमारतीच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. शनिवार-रविवार रंधा मारला. भुशाची तक्रार सोसायटीत गेली, सेक्रेटरी वर येऊन बघून गेला आणि जाताना स्वतःच्या घरच्या मोडक्या स्टुलाबद्दल विचारून गेला. लोखंडी खिळे मिठाने गंजतील म्हणून मी सगळीकडे स्टीलचे स्क्रू वापरले. पहिला पाय वाकडा झाला, दुसऱ्यांदा केला. पण दिवाण उभा राहिला, आणि त्यावर मी स्वतः उड्या मारून बघितल्या. हललासुद्धा नाही. आजही मी त्यावर हात फिरवला की छाती थोडी पुढे येते.

बाबांना त्यावर निजवलं. त्यांनी डावा हात खाली सोडला, बोटांनी फळीची कड चाचपली आणि डोळे मिटले. त्यांना बरं वाटतंय, असं आम्ही समजलो.

तिसऱ्या दिवशी चादर बदलताना आईला सतरंजी खालून ओली लागली. वरून कोरडी. आम्हाला वाटलं, त्यांचंच काही झालं असेल. नव्हतं. फळ्यांवर थेंब आले होते, बारीक, सारखे. मी जिभेला लावून बघितलं. खारट. मीठ हवेतला दमटपणा ओढतं, हे मी आईला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुपारी कोरडं कसं व्हतं?" जानेवारी होता, ओठ फुटत होते इतकी हवा कोरडी होती. मी फळ्या पुसून घेतल्या.

त्याच आठवड्यात, मी रजेवर घरी असताना, सकाळी अकराच्या सुमारास बाबा बोलले.

"भरलं."

स्पष्ट. त्यांच्याच आवाजात. आई स्वयंपाकघरातून धावत आली, बायकोने माझा दंड धरला. आम्ही तिघं त्यांच्याभोवती बसलो आणि काय भरलं, काय भरलं, विचारत राहिलो. ते आमच्याकडे बघत नव्हते. डावा हात फळीवर सपाट ठेवला होता. संध्याकाळी पाचनंतर म्हणाले, "उतरलं." झालं. दुसऱ्या दिवशीही तेच दोन शब्द. व्यायामाच्या बाईंना आनंद झाला. त्या म्हणाल्या, सवयीचे शब्द आधी परत येतात, हे लक्षण चांगलं आहे. मी शेजाऱ्यांना पेढे दिले आणि सांगत सुटलो की मी केलेल्या दिवाणाचा गुण आला.

बायकोच्या लक्षात आधी आलं. म्हणाली, "रोज पाऊण तासाने पुढे सरकतंय." मग मी मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या आणि शेजारी बाबांची वेळ लिहीत गेलो. अकरा दिवस. खाडीत पाणी पूर्ण चढायच्या वेळी "भरलं", पूर्ण गेल्यावर "उतरलं". पाच मिनिटांचाही फरक नाही. आमच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते. खाडी दिसत नाही, ऐकू येत नाही. बाबांना घड्याळ दिसेल असं घरात कुठेही नव्हतं. आणि फळ्या पाणी चढताना ओल्या होत आणि उतरताना कोरड्या.

तो कागद मी आईला दाखवला. तिला वाचता येत नाही, पण मी काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. तिने विचारलं, "फल्या तू काढल्यास तवा बाबाला इचारलं व्हतंस?"

मी म्हटलं, नाही.

मग तिने सांगितलं. उघाडीची फळी ज्याच्या हाताने पडते त्याच्याच हाताने उठते. आमच्यात हे कधी कुणी मोडलं नव्हतं. कारणही साधं होतं: आत किती पाणी घेतलं, किती ठेवलं, हे एकाच डोक्यात असलं पाहिजे. दोघांचे हात लागले की बांध फुटतो. फळी सोडणारा आजारी पडला तर त्याला विचारून, त्याने हो म्हटल्यावरच दुसरा हात लावायचा, आणि तेव्हापासून पाण्याची राखण त्या दुसऱ्याची. न विचारता उचललं तर पहिला सुटत नाही. "तुझा बाबा राखनीवरच हाय," ती म्हणाली. "त्याचं सगलं बोलनं तिकडं लागलंय. दुसरं बोलंल कुठून?" तिला दिवाण मोडून हवा होता. मी म्हटलं, चार महिन्यांनी तोंडातून शब्द आलाय, दोन तर दोन. मोडला आणि तेही गेले तर? त्यावर ती उठून सतरंजी वाळत घालायला गेली.

पुढच्या रविवारी दुपारी मी बाबांची नखं कापत होतो. फळ्या ओल्या व्हायला लागल्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे, माझ्याच डोळ्यांत, बघितलं.

"फली कोनी काढली?"

हे पुरं वाक्य होतं. आनंद व्हायला हवा होता. मी नेलकटर खाली ठेवलं.

"मी."

"मला इचारलंस?"

"नाही, बाबा. चुकलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. कामाला आलेल्या नवीन गड्याकडे बघावं तसं. मग डावा हात फळीवरून उचलून त्यांनी माझ्या डाव्या तळहातावर ठेवला. हात गार होता, चिंब ओला.

"मग आता पानी तू बग."

त्यांनी हात काढून घेतला आणि ते झोपले. मी चादरीखाली बोटं घातली. भर भरतीची वेळ होती आणि फळ्या खडखडीत कोरड्या होत्या. तेव्हापासून त्या पुन्हा कधी ओल्या झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा दिला. एक घोट घेऊन बाबा म्हणाले, "साखर संपली काय घरातली?" आईने पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून रोज नवे शब्द. कधी शब्द शोधावा लागायचा, कधी जीभ अडायची, पण ते त्यांचं बोलणं होतं: डाळ पातळ आहे, शेजाऱ्याचा टीव्ही मोठा आहे, नातसुनेला आता बघून ठेवा, माझा मुलगा अजून सातवीत असला तरी. भरलं-उतरलं ते पुन्हा बोलले नाहीत. मी एकदा मुद्दाम विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

आता भरती मला डाव्या तळहाताला कळते. ऑफिसात बसलेला असतो, समोर जीएसटीचं काम असतं, आणि हात ओला होतो. रुमालाने पुसला तरी होतो. मी आता मोबाइलवर वेळा बघत नाही.

गेल्या वर्षी ऑफिसने मला नाशिकला पाठवायचं ठरवलं. तिथल्या शाखेचा प्रमुख म्हणून. आमच्या घरातून आजवर कुणी कशाचा प्रमुख झालेला नाही. जागा बघायला एक दिवस गेलो. सकाळपासून माझा तळहात कोरडा होता. इतका हलका दिवस मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. दुपारी बायकोचा फोन आला. बाबा सकाळी नाश्ता करताना बोलता बोलता वाक्याच्या मधे थांबले होते, आणि त्यानंतर एक शब्द नव्हता. आई समोर बसून "चहा म्हना" म्हणत होती. मी गाडी काढली. घोडबंदरच्या रस्त्याला लागलो, उजवीकडे खाडी दिसली, आणि हात ओला झाला. फोन वाजला. बायको रडत होती. बाबांनी चहा मागितला होता.

मी बदली नाकारली. अर्जात कारणापुढे "घरगुती अडचण" लिहिलं. साहेबांनी दोनदा समजावलं, मग दुसऱ्याला पाठवलं. घरी मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं. तिने आईला सांगितलं आणि आईच्या तोंडून ते बाबांपर्यंत गेलं.

मी संध्याकाळी आलो तर ते दिवाणावर उठून बसलेले होते, भिंतीला टेकून, माझीच वाट बघत.

"तुला शिकवला तो हिथं बसायला? मी जलमभर चिखलात उबा ऱ्हायलो तो कुनासाठी? तुला साहेब करत व्हते. घाबरलास? बायकोनं सोडलं न्हाय? आमची पोरं चार बुकं शिकली तरी बांध सोडून जायाला घाबरतात, असं लोकं म्हनतात, ते काय खोटं न्हाय."

आई आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबा थांबले नाहीत. अर्धा तास मला सोलून काढलं. माझ्या मामापासून माझ्या साहेबापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. मधेच माझा हात ओला व्हायला लागला. मी तो खिशात घातला आणि समोर स्टूल ओढून बसलो. त्यांचा एकही शब्द कुठे अडत नव्हता.

"आता तरी काय बोलशील का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोला, बाबा," मी म्हटलं.